तीन वेळा सांगितलं होतं

भिंगरीला उलटी अक्षरं वाचता यायची. तिच्या वर्गात दुसऱ्या कुणालाच ते येत नव्हतं.

तिचे बाबा छापखान्यात जुळारी होते. गावात आठवड्याला एक वर्तमानपत्र निघायचं आणि त्याचा शब्दन् शब्द बाबांच्या बोटांतून जायचा. शिशाचे बारीक खिळे एकेक उचलून ते ओळ लावायचे, आणि खिळ्यावरचं अक्षर उलटं असल्यामुळे सगळा मजकूर आरशात बघितल्यासारखा दिसायचा. भिंगरी शाळा सुटली की बाबांचा डबा घेऊन जायची आणि त्यांचं जेवण होईपर्यंत ताज्या जुळणीवर नाक टेकवून वाचत बसायची. घरात तिला भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी कधी ठरायची नाही. पण छापखान्यात मात्र तासन् तास हलायची नाही. बाबा हळू आवाजाचे, मवाळ गृहस्थ होते. कुणाशी भांडले नाहीत, कुणावर हात उगारला नाही. "एक खिळा चुकला ना, तर चारशे घरांत चूक जाते," असं ते म्हणायचे, आणि एवढं एक वाक्य म्हणताना त्यांचा आवाज जरा चढायचा.

घर म्हणजे बेकरीच्या वरच्या दोन खोल्या. आई, बाबा, भिंगरी आणि बाबांची मोठी बहीण, आत्या. आत्याला नवऱ्यामागे दुसरं कुणी नव्हतं. ती आली ती राहिली, आणि राहिली तशी घराची मालकीण झाली. आई मुळातच कमी बोलणारी. "वन्सं म्हणतील तसं," हे तिचं ठरलेलं उत्तर.

आणि सुईणबाई होत्या. भिंगरी त्यांना मावशी म्हणायची. भिंगरी जगात आली ती त्यांच्याच हातात. तिच्या वर्गातली निम्मी मुलंही तशीच आलेली. मावशी खाणवस्तीत राहायच्या. खाण बंद होऊन जमाना झाला होता, पण ती खणायला ज्यांच्या पणज्यापणजोबांना कुठून तरी जहाजात भरून आणलं होतं, ती माणसं तिथेच राहिली. रंगाने काळीभोर, कुरळ्या दाट केसांची. गावातले लोक त्यांना खाणवाले म्हणत, आणि राग आला की काजळी म्हणत. मावशींनी सुईणपणाची परीक्षा दिली होती. त्यांचं प्रमाणपत्र काचेच्या चौकटीत लावलेलं होतं. तरी बाळंतपणाला बोलावलं की लोक त्यांना मागच्या जिन्याने वर घेत. गरोदर बाईच्या पोटावर त्यांचा हात चालायचा. पुढच्या दाराच्या कडीवर मात्र चालायचा नाही.

भिंगरीला यात कधी काही खटकलं नव्हतं. मागचा जिना जवळचा आहे म्हणून मावशी तिकडून येतात, असं तिला वाटायचं. एकदाच तिने विचारलं होतं, "मावशी, तुझे तळवे गुलाबी आणि वरून हात काळे, असं कसं?"

"इतकी पोरं धुतली मी आजवर," मावशी म्हणाल्या, "धुवून धुवून तळव्यांचा रंग गेला बघ." आणि खो खो हसल्या. भिंगरीला ते कितीतरी दिवस खरं वाटत होतं.

त्या वर्षी आईला दिवस गेले. मावशी आठवड्याला यायच्या. त्यांच्याकडे कर्ण्यासारखी एक लाकडी नळी होती. तिचं रुंद तोंड आईच्या पोटावर टेकवून त्या दुसऱ्या टोकाला कान लावायच्या आणि मग भिंगरीलाही ऐकवायच्या. आत टकटक टकटक चालू असायचं. "घाई बघ कशी आहे त्याला," मावशी म्हणायच्या. "तुझाच भाऊ शोभतोय."

तो दिवस शनिवार होता. पहाटेपासून आईच्या पोटात कळा सुरू झाल्या. बाबा स्वतः खाणवस्तीत जाऊन मावशींना घेऊन आले. मावशींनी हात धुतले, पोट चाचपलं, पुन्हा चाचपलं. नेहमीसारखं हसू त्यांच्या तोंडावर आलंच नाही. त्यांनी नळी लावली आणि बराच वेळ ऐकत राहिल्या. मग उठून दाराशी आल्या. बाबा तिथेच उभे होते, आत्या त्यांच्यामागे, आणि भिंगरी गरम पाण्याची बादली घेऊन चुलीकडून येत होती.

"दादा, मूल आडवं आहे," मावशी म्हणाल्या. "हे घरी होण्यातलं नाही. नदीपलीकडच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला हवं. पोट उघडावं लागेल. आत्ता नेलं तर दोघंही हाती लागतील. बेकरीवाल्याची गाडी खाली उभी आहे, त्याला सांगा."

बाबा लगेच जिन्याकडे वळले. चार पायऱ्या उतरलेही.

"थांब जरा," आत्या म्हणाली. "हिच्या सांगण्यावरून उघड्या गाडीत घालून बाईला बाजारातून नेणार तू? अख्खं गाव बघेल. आपले डॉक्टर आहेत की. त्यांना चिठ्ठी पाठव. काय ते ते ठरवतील." मग मावशींकडे वळून, "आणि तू गं, तुझं काम तू कर. तुम्हा लोकांना जरा काही झालं की अंग काढून घ्यायची सवय."

मावशी आत्याहून दहा वर्षांनी तरी मोठ्या होत्या. आत्या त्यांना अगंतुगं करते हे भिंगरीच्या त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं.

बाबा चार पायऱ्या परत चढून आले. त्यांनी डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली आणि बेकरीतल्या माणसाबरोबर पाठवून दिली. तेव्हा नऊ वाजले होते.

डॉक्टरांचा दवाखाना शनिवारी भरलेला असायचा. दोन पेशंट झाले की येतो, असा निरोप आला. साडेदहाला मावशी पुन्हा दाराशी आल्या. या वेळी त्यांच्या कपाळावर घाम होता. "दादा, ठोके मंदावलेत. अजून वेळ आहे, पण फार नाही. माझं ऐका."

"डॉक्टर निघालेच असतील," बाबा म्हणाले. ते मावशींकडे बघत नव्हते, आत्याकडे बघत होते.

"ते आले तरी हेच सांगतील. वर उशीर केला म्हणून तुम्हालाच बोलतील."

"आता डॉक्टरपेक्षा हिला जास्त कळायला लागलं," आत्या म्हणाली.

बाराला मावशी तिसऱ्यांदा आल्या. आता त्यांचा आवाजच बसला होता. "मी विनवते तुम्हाला. तुमच्या बायकोसाठी विनवते. मूल गेलं असं धरा, पण तिला तरी न्या." आतून आईचा आवाज येत होता. तो ओरडण्याचा नव्हता. एखादं जड कपाट ओढत नेताना जमिनीचा होतो तसा काहीसा तो आवाज होता. भिंगरीने बाबांची बाही धरली. "बाबा, गाडी अजून आहे खाली. मी सांगून येऊ?"

"मोठ्यांच्या मधे बोलू नकोस," बाबा म्हणाले. असं ते तिच्याशी कधी बोलले नव्हते.

डॉक्टर आले दीड वाजता. पुढच्या जिन्याने आले, बॅग ठेवली, आत गेले, आणि पाच मिनिटांत त्यांच्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत लाल झाल्या. मूल निघालं ते निळं. मुलगा होता. त्याला रडवायचा कुणी प्रयत्नही केला नाही. मग आईचं रक्त थांबेना. डॉक्टर बॅगेत बाटल्या शोधत होते, आणि मावशींनी आईच्या ओटीपोटावर मूठ रोवून सगळं वजन तिच्यावर टाकलं. एक तास त्या तशाच वाकून होत्या. हात थरथरायला लागले तरी मूठ ढळू दिली नाही. आई वाचली ती त्या मुठीने. हे डॉक्टरांना दिसत होतं, बाबांना दिसत होतं, बादली धरून उंबऱ्यात उभ्या असलेल्या भिंगरीलाही दिसत होतं.

रक्त जरा ओसरलं तशी डॉक्टरांना वाचा फुटली. "अहो, मूल आडवं होतं! सकाळीच न्यायला हवं होतं. चिठ्ठीत तुम्ही नुसतं 'बाळंतपण सुरू आहे' एवढंच लिहिलंत. आधी कळवायला काय झालं होतं?"

बाबा भिंतीला टेकून उभे होते. त्यांचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. ते आत्याकडे बघायला लागले, मग निळ्या पडलेल्या त्या गाठोड्याकडे, आणि मग त्यांच्या तोंडून आलं, "आम्हाला कुठे माहीत होतं? बाईंनी सांगितलंच नाही."

मावशींनी मान वर केली. मूठ काढून घ्यायची सोय नव्हती. त्या वाकलेल्याच राहिल्या आणि बाबांकडे बघत राहिल्या.

"तरी म्हटलं," डॉक्टर म्हणाले. "या लोकांच्या हाती बायका सोपवता आणि मग आमच्याकडे येता."

भिंगरीच्या हातातली बादली कलंडली. सगळं पाणी खोलीभर पसरलं आणि आत्या तिच्यावर खेकसली.

दोन दिवस तिला वाटत होतं, बाबा गोंधळले होते, उद्या परवा सांगतील. दुःखात माणूस काहीही बोलून जातो, हे तिने ऐकलं होतं. मूल पुरून झालं. शेजारीपाजारी येऊन गेले. येणाऱ्या प्रत्येकाला आत्या तीच हकीगत सांगायची आणि दर खेपेला ती थोडी वाढायची. आधी सुईणीने सांगितलं नव्हतं. मग सुईणीला कळलंच नव्हतं. मग सुईण पेंगत होती. बुधवारपर्यंत सुईणीच्या तोंडाला दारूचा वास येत होता. बाबा कोपऱ्यात बसलेले असायचे. हो म्हणायचे नाहीत आणि नाहीही म्हणायचे नाहीत.

गुरुवारी भिंगरी डबा घेऊन छापखान्यात गेली. बाबा जुळणी करत होते. तिने नेहमीसारखं टेबलावर वाकून उलटा मथळा वाचला: "सुईणीच्या हलगर्जीपणाने बालकाचा बळी." खाली बारीक अक्षरांत सगळं होतं. खाणवस्तीतली बाई, गावाचा भाबडा विश्वास, वेळीच सूचना न देणं, आणखी किती माता अशा हातांत सोपवायच्या, हा सवाल.

"बाबा, हे खोटं आहे."

बाबांची बोटं खणांतून खिळे उचलत राहिली. "संपादकांनी लिहून दिलंय. मी फक्त जुळवतो."

"पण संपादकांना कुणी सांगितलं?"

बाबांनी जुळलेली ओळ बोटाने सरळ केली.

"मावशीने तीनदा सांगितलं. मी होते ना तिथे. तुम्ही चार पायऱ्या उतरला होतात."

बाबांनी एक खिळा उचलला, लावला, आणि तो चुकीचा लागला. त्यांना तो दिसला. भिंगरीलाही दिसला. त्यांनी तो बदलला नाही. पुढची ओळ घेतली.

"डबा ठेव आणि घरी जा," ते म्हणाले.

शुक्रवारी पेपर निघाला. रविवारी दुपारी बाजारातले चाळीसपन्नास पुरुष खाणवस्तीत गेले. भर उन्हात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. बेकरीवाला पुढे होता. हाच बेकरीवाला, ज्याची गाडी त्या शनिवारी पाच तास दारात उभी होती. त्यांनी मावशींचं दार तोडलं, पलंग रस्त्यावर फेकला, काचेची चौकट फोडली. मावशींच्या नवऱ्याने अडवायला हात पुढे केला तर त्याचं मनगट मोडलं. बाबा त्यांच्यात नव्हते. ते घरीच होते, हे आत्या येणाऱ्याजाणाऱ्याला आवर्जून सांगत होती.

सोमवारी शाळेत मुलींनी भिंगरीला मधे घेतलं. सगळ्या तिच्याशी फार मायेने वागल्या. एकीने आपला डबा तिला दिला. "माझ्या काकांनी त्या काजळीची खिडकी फोडली," ती म्हणाली, जणू भिंगरीला भेटच देत होती. तीही मावशींच्याच हातांत जन्माला आली होती. भिंगरीने तिला तसं सांगितलं. ती मुलगी हसली आणि म्हणाली, "शी!"

त्याच आठवड्यात नगरपालिकेने मावशींवर चौकशी लावली, आणि एक दिवस पाण्याच्या नळावर भिंगरीला मावशी दिसल्या. गावाच्या नळाच्या पुढे खाणवस्तीचा वेगळा नळ होता, तिथे त्या रांगेत उभ्या होत्या. भिंगरी धावत गेली. "मावशी, मी सगळं खरं सांगणार आहे. चौकशी आहे ना, तिथे येऊन सांगणार."

मावशींनी आधी मागेपुढे बघितलं. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "नको गं. तू यात पडू नकोस. अभ्यास कर." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवायला उचलला आणि मधेच खाली घेतला. रस्त्याच्या पलीकडे एक बाई उभी राहून बघत होती.

चौकशी नगरपालिकेच्या सभागृहात होती. टेबलामागे तिघे जण होते, मधला मुख्य अधिकारी. पिकलेल्या केसांचा, चष्म्याआडून मायेने बघणारा. सभागृह गच्च भरलं होतं. खाणवस्तीतल्या लोकांना मागे, भिंतीला लागून उभं केलं होतं. पुढे खुर्च्या रिकाम्या होत्या तरीही. आईचा जबाब आदल्या दिवशी घरी येऊन घेतला होता. "मला शुद्ध नव्हती, काही आठवत नाही," असं तिने सांगितलं होतं, आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली होती.

भिंगरी शाळा बुडवून आली. कारकून पुढचं नाव पुकारणार, इतक्यात ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "मला सांगायचंय."

सगळीकडे कुजबुज झाली. पहिल्या रांगेत बसलेल्या बाबांनी वळून बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. भीती होती. भिंगरीने आपल्या बापाला भ्यालेलं कधी बघितलं नव्हतं. तरीही ती पुढे गेली.

"ये बाळ," अधिकारी म्हणाले. "सांग, काय सांगायचंय?"

तिने सगळं सांगितलं. नऊ वाजता, साडेदहा वाजता, बारा वाजता. कोण काय बोललं, कुठे उभं होतं. बेकरीची गाडी. चिठ्ठी. मूठ. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. तिचं बोलणं संपलं तेव्हा तिला वाटलं, झालं. आता सगळं ठीक होणार. मोठी माणसं चुकतात, पण त्यांना नीट समजावून सांगितलं की ऐकतात.

अधिकाऱ्यांनी चष्मा काढून पुसला. "शाबास. न घाबरता बोललीस. आता मला सांग, त्या दिवसानंतर तू या बाईंना भेटलीस का?"

भिंगरीला खोटं बोलायचं नव्हतं. खरं बोलायलाच तर ती आली होती. "हो. एकदा."

"कुठे?"

"नळावर."

"काय बोलणं झालं?"

"मी म्हटलं, मी चौकशीत येऊन सांगणार."

"आणि त्या काय म्हणाल्या?"

"नको म्हणाल्या. अभ्यास कर म्हणाल्या."

मागून कुणीतरी हसलं. अधिकारी मात्र हसले नाहीत. त्यांनी कारकुनाकडे बघितलं आणि कारकून भराभर लिहायला लागला. "म्हणजे आज काय सांगायचं, यावर तुमचं आधी बोलणं झालं होतं तर."

"तसं नाही..."

"बस तू." ते बाबांकडे वळले. "मुलीचे वडील तुम्ही. ती म्हणते ते खरं आहे?"

बाबा उभे राहिले. ते आपल्या हातांकडे बघत होते. शिशाने काळी पडलेली बोटं त्यांनी एकमेकांवर घासली. भिंगरी त्यांच्याकडे बघत होती. मनात ती एकच वाक्य घोकत होती: हो म्हणा, बाबा, हो म्हणा.

"ती त्या वेळी घरात नव्हती," बाबा म्हणाले. "आम्ही तिला खाली बेकरीत बसवलं होतं. लहान आहे ती. त्या बाईचा तिला पहिल्यापासून लळा आहे. बाई बोलतील ते तिला खरं वाटतं. मागे एकदा म्हणत होती, पोरं धुवून धुवून तळव्यांचा रंग गेला म्हणून."

सगळं सभागृह हसलं. पुढच्या खुर्च्यांपासून दारापर्यंत हसू लाटेसारखं गेलं. फक्त भिंतीला लागून उभी असलेली माणसं हसली नाहीत.

मावशींना विचारलं, तुम्हाला काही म्हणायचंय? मावशी पुढे आल्या. "मुलगी खरं बोलते," त्या म्हणाल्या. "पण मी तिला काही शिकवलेलं नाही. तिला यात ओढू नका."

"तुम्ही तर हेच म्हणणार," अधिकारी म्हणाले. त्यांच्या आवाजात थोडीही कटुता नव्हती. हवामानाबद्दल बोलावं तसं ते बोलले.

निकाल त्याच दिवशी झाला. प्रमाणपत्र रद्द. तेवढ्यावरच थांबलं असतं, असं पुढे कारकून कुणाला तरी सांगत होता. पण अज्ञान मुलीला फितवून खोटी साक्ष द्यायला लावली म्हणून प्रकरण पोलिसांकडे गेलं आणि मावशींना सात महिन्यांची कैद झाली. भिंगरी बोलली नसती तर ती झाली नसती.

हे तिला कळलं तेव्हा ती जेवेनाशी झाली. शाळेत जायची, पण नुसती बसायची. बाबांचा डबा न्यायचं तिने बंद केलं, आणि बाबांनीही कधी विचारलं नाही. आत्या म्हणाली, "पोरीला दृष्ट लागली त्या बाईची." मग भिंगरीने आत्यासमोर बोलायचंही सोडून दिलं.

महिन्याभराने एका दुपारी आत्या बाहेर गेली होती. आई हिंडूफिरू लागली होती. ती जुन्या चादरीच्या पट्ट्या फाडत बसली होती, फरशी पुसायला. भिंगरी समोर बसली होती. फाडताफाडताच आई म्हणाली, "मला ऐकू आलं होतं."

भिंगरीला आधी कळलं नाही.

"तिन्ही वेळा," आई म्हणाली. "शुद्ध होती मला. तू बाबांची बाही धरलीस तेही ऐकलं मी."

"मग तू सांगितलं का नाहीस?" भिंगरीचा आवाज चिरकला. "आई, तुझं तर त्यांनी ऐकलं असतं!"

"आणि मग?" आईने पट्टी टर्रकन फाडली. "मग मूल कुणामुळे गेलं? मला रोज सकाळी उठून त्यांना चहा द्यायचाय. ताट वाढायचंय. ते त्यांच्यामुळे गेलं असं एकदा माझ्या तोंडून निघालं, की मला या घरात राहता येणार नाही. दुसरं घर आहे मला? सांग ना, आहे?"

"पण मावशीने तुला वाचवलं."

"हो," आई म्हणाली. "तेच तर." आणि तोंडात पट्टीचा बोळा धरून ती रडायला लागली, आवाज खाली बेकरीत जाऊ नये म्हणून.

भिंगरी उठून तिच्याजवळ गेली नाही. याआधी आई रडली की ती गळ्यात पडायची. त्या दिवशी बसल्या जागेवरून तिला उठताच येईना.

मावशी सुटल्या तेव्हा भिंगरीला बारा वर्षं पूर्ण झाली होती. नदीकाठी बाटल्या धुण्याचा एक कारखाना होता, तिथे त्या कामाला लागल्याचं तिला कुणाच्या तरी बोलण्यातून कळलं. शाळा सुटल्यावर ती गेली आणि फाटकापाशी उभी राहिली. पाळी सुटली. बायका एकेक करून बाहेर पडल्या आणि सगळ्यात शेवटी मावशी आल्या. त्या वाळल्या होत्या. हात सोड्याने सोलवटले होते, काचेने कापलेल्या बोटांना चिंध्या बांधल्या होत्या.

"मावशी," भिंगरी म्हणाली. वाटेत शंभरदा घोकलेलं सगळं ती विसरून गेली. "माझ्यामुळे झालं. मी नळावरचं सांगायला नको होतं."

मावशी थांबल्या, पण जवळ आल्या नाहीत. "तू खरं बोललीस," त्या म्हणाल्या. "तुझ्यावर माझा राग नाही. तो मनातून काढून टाक."

"मी रोज येऊ इथे? मी तुझी पिशवी धरीन."

"नाही." मावशींनी तोच हलका आवाज काढला, नळावरचा. त्या तिच्या डोक्यावरून पलीकडे रस्त्याकडे बघत होत्या. "इथे येऊ नकोस आता. तू इथे दिसलीस की उद्या म्हणतील, म्हातारी पुन्हा पोरीला फितवते. आमच्या ह्यांचं मनगट अजून नीट वळत नाही. माझ्यात आता आणखी सोसायची ताकद नाही. कळतंय ना?"

"पण मी तर तुझ्या बाजूची आहे!"

"माहीत आहे मला," मावशी म्हणाल्या. "त्यानेच तर माझं नुकसान होतं, बाळ."

एवढं बोलून त्या निघाल्या. भिंगरी दोन पावलं त्यांच्यामागून गेली. मावशींनी वळून न बघताच हात हलवला, कुत्र्याला परत पाठवावं तसा. मग त्या भराभर चालायला लागल्या. त्या वयात जमेल तेवढ्या भराभर. भिंगरी फाटकापाशीच उभी राहिली. दरवानाने कुणाची गं तू म्हणून विचारलं तेव्हा ती भानावर आली.

घरी पोचायला दिवेलागण झाली. बाबा छापखान्यातून येऊन हात धूत होते. "उशीर केलास," ते म्हणाले. कितीतरी दिवसांनी ते तिच्याशी आपणहून बोलत होते. "कुठे गेली होतीस?"

"मैत्रिणीकडे," भिंगरी म्हणाली. "गणितं सोडवत होतो."

तिच्या बुटांना नदीकाठचा चिखल लागला होता आणि बाबांची नजर त्या बुटांवर होती. गावात तसला चिखल दुसरीकडे कुठे नव्हता. त्यांना कळलं. आपल्याला कळलंय हे तिला कळलं, हेही त्यांना कळलं.

"बरं, बरं," बाबा म्हणाले. "चल, जेवून घे." त्यांनी टॉवेलने हात पुसले आणि तिच्यासाठी पाट सरकवला. त्यांचा चेहरा सैल झाला होता. कितीतरी महिन्यांनी त्यांना बरं वाटलं होतं. भिंगरी खाली बसली, आणि आईने वाढलेलं सगळं एकेक घास करून तिने संपवलं.